मालकीचें रान आणि राष्ट्रीय उद्यान

राष्ट्रीय उद्यान करणें हें सरकारचें काम आणि शेत कसणें हें आपलें काम, अशी वांटणी आपल्या मनांत पक्की बसली आहे. यामुळें एखाद्या खातेदाराच्या मालकीच्या रानाचा आणि राष्ट्रीय उद्यानाचा कांहीं संबंध असूं शकेल, ही गोष्टच बहुतेकांस सुचत नाहीं. परंतु जगांतील कांहीं नामांकित उद्यानें खाजगी माणसांनीं विकत घेऊन मग राष्ट्रास अर्पण केलेल्या जमिनींवर उभीं आहेत. आणि आपल्याकडेहि, विशेषतः कोंकणांत, पुष्कळसा झाडोरा आज सरकारच्या नव्हे, तर खातेदारांच्या सातबाऱ्यावर आहे. तो राहावा कीं जावा याचा निर्णय बहुधा खातेदारच घेतो, आणि तो निर्णय तो कोणत्या समजुतीनें घेतो याला फार महत्त्व आहे.

ठाण्याच्या टेंभी नाक्याहून वायव्येस, इमारतींच्या पलीकडे, येऊरचा डोंगर आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा तो ठाण्याकडील भाग. त्याच नाक्यापासून थोड्या अंतरावर जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आहे. शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण या तालुक्यांतील खातेदार जमिनीच्या कामासाठीं तेथें येतात. अशा खातेदारास, "वरकसांतलीं झाडें कां तोडलींत?" असें विचारलें, तर पैशाची अडचण हें एक कारण तो सांगतो, पण त्याच्या जोडीला दुसरें कारण बहुतेक वेळां येतें : "रान दाट झालें तर सरकार घेईल." ज्या कायद्यांनीं रान राखावयाचें, त्यांच्याच धाकानें रान तुटावें, ही विपरीत गोष्ट आहे. हा धाक कोठून आला, त्यांत खरें किती व खोटें किती, आणि आपलें रान आपल्याच इच्छेनें व आपल्याच अटींवर राखण्यास कायद्यानें कोणते मार्ग मोकळे आहेत, हें या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

उद्यान, अभयारण्य आणि राखीव यांतील भेद

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमांत अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान हे दोन प्रकार मूळचेच आहेत. २००२ च्या दुरुस्तीनें त्यांत संवर्धन राखीव व समुदाय राखीव अशा आणखी दोन प्रकारांची भर पडली. खातेदाराच्या दृष्टीनें या चारांत फार मोठें अंतर आहे.

राष्ट्रीय उद्यान या अधिनियमाच्या कलम ३५ खालीं होतें. त्या कलमाप्रमाणें उद्यानांत घ्यावयाच्या जमिनीवरील सर्व हक्क सरकारकडे आल्यावांचून अंतिम अधिसूचना निघत नाहीं, आणि उद्यान झाल्यावर तेथें गुरेंचराई बंद होते. अर्थात् आपल्या देशांत खाजगी मालकीचें राष्ट्रीय उद्यान असूं शकत नाहीं. खातेदाराची जमीन उद्यानांत जावयाची तर ती दानानें, विक्रीनें किंवा संपादनानेंच जाणार.

अभयारण्याचें तसें नाहीं. तेथें जिल्हाधिकारी हक्कांची चौकशी करितात, आणि कांहीं हक्क चालू ठेवण्यासहि वाव असतो. संवर्धन राखीव हें सरकारी जमिनीवर होतें; उद्यानें व अभयारण्यें यांना लागून असलेले किंवा त्यांना एकमेकांशीं जोडणारे पट्टे त्यासाठीं निवडतात. चौथा प्रकार जो समुदाय राखीव, तो मात्र खास तुमच्याआमच्यासाठीं आहे. एखाद्या समाजानें किंवा एकट्या व्यक्तीनें स्वेच्छेनें पुढें येऊन आपल्या जमिनीवरील वन्यजीव व त्यांचें वसतिस्थान राखण्याचें ठरविलें, तर कलम ३६-क (इंग्रजी ३६-सी) अन्वये ती जमीन समुदाय राखीव म्हणून जाहीर करतां येते. मालकी मालकाकडेच राहते. याविषयीं अधिक पुढें सांगूं.

ठाणें जिल्ह्याचा अनुभव

आतां धाकाचें मूळ पाहूं. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणें पूर, दरडी, पाण्याचा ऱ्हास इत्यादि टाळण्यासाठीं खाजगी जंगलांतहि तोड करण्यास सरकार मनाई करूं शकतें. मात्र अशी अधिसूचना काढण्यापूर्वीं पोटकलम ३ प्रमाणें मालकास नोटीस देऊन त्याचें म्हणणें ऐकावें लागतें. १९५० नंतरच्या दशकांत मुंबई व ठाणें भागांतील अनेक जमिनींसंबंधीं अशा नोटिसा निघाल्या. कित्येक ठिकाणीं पुढें कांहींच झालें नाहीं. चौकशी नाहीं, सुनावणी नाहीं, अधिसूचनाहि नाहीं.

नंतर महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ आला. ३० ऑगस्ट १९७५ या नेमलेल्या दिवशीं राज्यांतील सर्व 'खाजगी वनें' सर्व बोजांपासून मुक्त होऊन सरकारजमा झालीं. 'खाजगी वन' या शब्दाच्या व्याख्येंत, ज्या जमिनीसंबंधीं कलम ३५(३) ची नोटीस निघाली होती तीहि घातली होती. कायद्यांत खातेदारांसाठीं कांहीं सवलती होत्या. त्या दिवशीं कायदेशीरपणें लागवडीखालीं असलेली व कमाल धारणेच्या आंतील जमीन सरकारजमा होत नव्हती. पुढें कलम २२-अ अन्वये १२ हेक्टरांच्या मर्यादेंत कांहीं जमीन मालकास परत देण्याची तरतूद झाली. आणि अमुक जमीन खाजगी वन आहे कीं नाहीं असा वाद निघाल्यास कलम ६ प्रमाणें तो जिल्हाधिकाऱ्यांनीं ऐकावयाचा होता. पण या सवलती ज्यास ठाऊक होत्या त्यासच मिळाल्या. ज्यानें आपला उतारा वीस वर्षें पाहिलाच नाहीं, त्यास 'इतर हक्कां'तील शेरा जमीन विकावयास काढली तेव्हांच दिसला.

या प्रकरणाचा कळस २००६ सालीं झाला. मुलुंड, ठाणें इत्यादि भागांत अर्ध्या शतकापूर्वींच्या नोटिसांच्या आधारें जमिनींना खाजगी वनाचे शेरे लागूं लागले. त्यांवर तोंपर्यंत हजारों घरें उभीं राहिलीं होतीं. २४ मार्च २००८ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें सरकारची बाजू मान्य केली. गोदरेज आणि बॉइस कंपनीच्या विक्रोळी येथील जमिनीचा दावा या गटांतला प्रमुख. त्या व इतर अपिलांत सर्वोच्च न्यायालयानें ३० जानेवारी २०१४ रोजीं उलट निर्णय दिला. त्याचें सार असें : नोटीस नुसती निघाली एवढ्यानें जमीन खाजगी वन ठरत नाहीं, ती मालकास पोंचलेली असली पाहिजे, त्यास उत्तर देण्याची संधि मिळाली पाहिजे, आणि कित्येक दशकें बासनांत पडून राहिलेली नोटीस जिवंत मानतां येत नाहीं.

हा इतिहास सांगण्याचें कारण, सरकारास नांवें ठेवावीं हें नव्हे. रान राखावें हा हेतु त्या कायद्यांच्या मुळाशीं होता, आणि त्यांच्याच बळावर पुष्कळ डोंगर आज उघडे पडावयाचे राहिले आहेत. पण महसुली कामांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसली. ज्या रानावर बंधन मालकाच्या नकळत आलें, तेथें मालक रानाचा रक्षक राहिला नाहीं. आपलें म्हणावें अशी वस्तु दुसऱ्याच्या शेऱ्याखालीं गेली कीं तिच्याकडे पाहण्याची दृष्टि बदलते. वणवा लागला तर विझवावयास जावयाचें कोणासाठीं, असा प्रश्न मग गांवांत निघतो.

या धाकांत खरें किती? १९७५ च्या कायद्यानें त्या दिवशीं जें वन होतें तें सरकारजमा झालें. नंतर तुमच्या जमिनीवर वाढलेलीं झाडें आपोआप सरकारचीं होत नाहींत. तसें कांहीं करावयाचें तर निराळी कार्यवाही व मालकास म्हणणें मांडण्याची संधि अवश्य आहे. तथापि १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाची गोष्ट वेगळी. १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गोदावर्मन् खटल्यांत सांगितलें कीं, मालकी कोणाचीहि असो, शब्दकोशाच्या अर्थानें जें वन त्याचा वनेतर उपयोग केंद्र सरकारच्या संमतीवांचून करतां येणार नाहीं. २०२३ च्या दुरुस्तीनें ही कक्षा आंखडून इतर जमिनींवर लावलेलीं झाडें त्यांतून वगळलीं; त्यावर वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशानें तूर्त जुना व्यापक अर्थच धरावा असें ठरलें. म्हणून धाक सर्वस्वीं खोटा नाहीं. परंतु "झाडें वाढलीं म्हणजे मालकी गेली" ही समजूत मात्र खोटी आहे. मालकी जात नाहीं. उपयोग बदलण्यावर बंधन येऊं शकतें. ज्यास त्या जमिनीवर इमारती उठवावयाच्या आहेत त्यास हें बंधन जाचतें. ज्यास रानच ठेवावयाचें आहे त्याचें त्यांत फारसें जात नाहीं.

माळढोकाचें उदाहरण

दुसरें उदाहरण घाटावरील आहे. माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर (आतां अहिल्यानगर) या जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर होतें. एवढ्या मोठ्या क्षेत्रांत सरकारी माळ थोडा आणि शेतकऱ्यांची मालकी जमीन फार. गांवेंच्या गांवें, बाजारपेठा व कालव्यांखालील मळे अभयारण्यांत आले. जमिनीचे व्यवहार, विहिरी, रस्ते या प्रत्येक गोष्टींत अडचण येऊं लागली, आणि माळढोक हें नांव शेतकऱ्यांच्या तोंडीं रागानें येऊं लागलें. शेवटीं सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीनें हें क्षेत्र कमी करून सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावें लागलें. दरम्यान माळ नांगराखालीं व उंसाखालीं गेले, आणि आज सोलापुराकडे माळढोक क्वचितच दृष्टीस पडतो.

माळढोकास दाट रान नको असतें. त्यास गवताळ माळ, तुरळक पीक आणि अंडें घालण्यास निवांत जागा लागते. पावसावरची ज्वारी-बाजरी करणाऱ्या शेतकऱ्याचें शेत त्यास चालत होतें. म्हणजे तेथील खातेदार हाच या पक्ष्याचा स्वाभाविक सोबती होता. त्यास पडीक माळासाठीं दरसाल कांहीं मोबदला देऊन त्याच्याशीं करार केला असता, तर आठ हजार चौरस किलोमीटरांच्या कागदी अभयारण्यापेक्षां दहा गांवांचे राखलेले माळ अधिक उपयोगी पडले असते, असें आमचें मत आहे.

परदेशांतील दोन दाखले

खाजगी जमिनींतून उद्यान कसें उभें राहतें याचे दोन दाखले पाहण्यासारखे आहेत.

अमेरिकेंत वायोमिंग प्रांतांत ग्रँड टीटन नांवाचें उद्यान आहे. तेथील खोऱ्यांतील गुरांचे वाडे व शेतें जॉन रॉकफेलर (धाकटे) यांनीं १९२७ पासून स्नेक रिव्हर लँड कंपनी या नांवानें विकत घेण्यास आरंभ केला. खरा खरीददार कोण व हेतु काय हें प्रथम लोकांस सांगितलें नाहीं. तें उघड होतांच रहिवासी खवळले. १९४३ मध्यें सरकारनें तेथें संरक्षित क्षेत्र जाहीर केलें तेव्हां पशुपालकांनीं निषेधार्थ आपले कळप त्यांतून हांकीत नेले. अखेर रॉकफेलर यांनीं १९४९ च्या डिसेंबरांत ३३,००० एकरांहून अधिक जमीन राष्ट्रास दिली, व १९५० च्या कायद्यानें उद्यान आजच्या विस्तारास आलें. त्या कायद्यांतील दोन अटी आपण मनांत ठेवाव्या. पहिली, जमीन सरकारी झाल्यानें स्थानिक संस्थेचा जो कर बुडणार, त्याची भरपाई कांहीं वर्षें द्यावी. दुसरी, ज्यांचा चराईचा हक्क चालत आला होता त्यांचा तो पुढें चालूं द्यावा. या दोन अटींनीं विरोध निवळला.

दुसरा दाखला दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाचा. डग्लस टॉम्पकिन्स व त्यांच्या पत्नी क्रिस्टीन यांनीं सुमारें पंचवीस वर्षें तेथील रानें व पडीक कुरणें विकत घेऊन राखलीं. परका मनुष्य देशाचे दोन तुकडे करूं पाहतो, असा संशय तेथेंहि घेतला गेला. त्यांनीं प्रथम उद्यानासारखी व्यवस्था स्वतः उभी केली, कुंपणें काढलीं, लोकांस आंत येऊं दिलें, आणि मग देण्याची बोलणीं केलीं. डग्लस १९१५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१५ सालीं, वारले. त्यांच्या पत्नीनें १५ मार्च २०१७ रोजीं चिलीच्या राष्ट्राध्यक्षांशीं करार केला. खाजगी देणगी सुमारें ४ लाख हेक्टरांची होती. सरकारनें तिच्या कित्येक पट आपली जमीन तींत घातली, आणि पांच नवीं उद्यानें झालीं. देणाऱ्यानें आपल्या देणगीच्या बदल्यांत सरकारकडूनहि जमीन राखण्याचें वचन घेतलें, हें यांतील मर्म होय.

आपल्याकडे रॉकफेलर नाहींत हें खरें. पण आपल्यापाशीं असे हजारों खातेदार आहेत, ज्यांच्यापाशीं दोन-दोन, चार-चार एकरांचें रान आहे. एकट्याचें क्षेत्र लहान असलें तरी लगतच्या दहा-वीस गटांचें मिळून एक डोंगर होतो.

घराजवळचे दाखले

कर्नाटकांत मंड्या जिल्ह्यांत कोक्करे बेल्लूर नांवाचें गांव आहे. तेथें चित्रबलाक व झोळीवाले पक्षी गांवांतील चिंचेच्या झाडांवर घरटीं करितात. झाडें खाजगी मालकांचीं. पक्षी वीण करितात त्या वेळीं चिंचा झोडतां येत नाहींत, व उत्पन्न बुडतें. म्हणून वनखात्यानें झाडांच्या मालकांस भरपाई देण्याची रीत घातली, आणि २००७ सालीं तें गांव समुदाय राखीव म्हणून जाहीर झालें. गांव उठलें नाहीं, झाडांची मालकी बदलली नाहीं.

त्याच राज्यांत कोडगू जिल्ह्यांत पामेला व अनिल मल्होत्रा या दांपत्यानें १९९१ सालीं ५५ एकर जमीन घेतली. शेजारचे शेतकरी ज्या जमिनी टाकीत गेले त्या घेत घेत तें क्षेत्र सुमारें ३०० एकरांपर्यंत नेलें, आणि तें तसेंच रान होऊं दिलें. एका खाजगी मालकास किती करतां येतें याचें हें ठळक उदाहरण होय.

महाराष्ट्रांत रत्नागिरी जिल्ह्यांत सरकारी जंगल अत्यल्प आहे. झाडोरा बहुतेक खाजगी. तेथें ठेकेदार एकरकमी रान विकत घेतो आणि सरपणासाठीं सरसकट तोडतो. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेनें संगमेश्वर तालुक्यांत रानाच्या मालकांशीं संवर्धनाचे करार करण्याची पद्धत सुरू केली. ठराविक मुदतीपर्यंत मालकानें रान तोडावयाचें नाहीं, त्याबद्दल त्यास मोबदला मिळावयाचा, व मालकी त्याचीच राहावयाची, असें त्या कराराचें स्वरूप आहे. बेहड्याचे जुने वृक्ष धनेश पक्ष्यास ढोलीसाठीं लागतात. त्याच बेहड्याचीं फळें पद्धतशीरपणें गोळा करून औषधी मालाच्या बाजारांत चांगल्या भावानें विकण्याची व्यवस्थाहि या संस्थेनें केली. तोडलेलें झाड एकदांच पैसा देतें. उभें बेहड्याचें झाड दरसाल फळ देतें. हिशेबी शेतकऱ्यास याहून अधिक सांगावयास नको.

आणि आपल्या देवरायांस विसरून चालणार नाहीं. डॉ. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनीं १९७० च्या दशकांत महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हां पुष्कळ दुर्मिळ झाडें व वेली केवळ तेथेंच शिल्लक असल्याचें दिसून आलें. या राया कोणा खात्यानें राखल्या नाहींत. गांवानें आपणच आपल्यावर बंधन घालून घेतलें, म्हणून त्या टिकल्या.

मालकास मोकळे असलेले मार्ग

आतां मुख्य विषयाकडे येऊं. ज्यास आपलें रान राखावयाचें आहे त्यास पुढील चार मार्ग आहेत.

पहिला : भारतीय वन अधिनियमाचें कलम ३८. कलम ३५ सर्वांस ठाऊक आहे. त्याच प्रकरणांतील कलम ३८ कोणी वाचीत नाहीं. त्यांत म्हटलें आहे कीं, जमिनीचा मालक, किंवा अनेक मालक असल्यास निदान दोन-तृतीयांश हिश्शाचे मालक, रान करण्यासाठीं किंवा राखण्यासाठीं जिल्हाधिकाऱ्यांस लेखी विनंती करूं शकतात. ती विनंती दोन प्रकारची असूं शकते : आमच्या वतीनें ही जमीन वनाधिकाऱ्यानें परस्परांस मान्य अशा अटींवर राखीव किंवा संरक्षित वन म्हणून सांभाळावी, अथवा या कायद्याच्या अमुक तरतुदी आमच्या जमिनीस लावाव्या. येथें 'परस्परांस मान्य अशा अटींवर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सरपण, गवत, पालापाचोळा, हिरडा-बेहडा कोणी घ्यावा, मुदत किती, हें सर्व आधीं लिहून घेतां येतें. ज्या घराण्यांत जमीन सामाईक आहे व एखादा हिस्सेदार दूरगांवीं आहे, त्यांस दोन-तृतीयांशाचा नियम सोईचा आहे.

दुसरा : समुदाय राखीव. यांत मालकी कायम राहते, व २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणें खाजगी जमिनीवरील राखीवाच्या व्यवस्थापन समितींत स्वतः मालकास स्थान आहे. मात्र दोन गोष्टी नीट ध्यानांत घ्याव्या. एकदां अधिसूचना निघाली कीं, समितीचा ठराव व राज्य सरकारची मंजुरी यांवांचून जमिनीचा उपयोग बदलतां येत नाहीं. पुढच्या पिढीचें मन बदललें तरी हें बंधन राहतें. दुसरें, अशा क्षेत्रांत आग लावण्यास मनाई आहे. आपल्याकडे भाताच्या रोपासाठीं वरकसांत राब भाजण्याची चाल आहे. ज्या तुकड्यांत राब भाजावयाचा तो तुकडा अर्जांतून आरंभींच वगळावा, म्हणजे मागाहून तंटा होणार नाहीं.

तिसरा : मुदतीचा करार. संगमेश्वरकडील पद्धतीप्रमाणें एखाद्या नोंदणीकृत संस्थेशीं पांच-दहा वर्षांचा करार करावा. ज्यास कायमचें बंधन नको त्यास हा मार्ग उत्तम. करारांत गट नंबर, हिस्सा, चतुःसीमा, मोबदल्याची रक्कम व ती देण्याच्या तारखा, आणि रकमेस चूक झाल्यास करार संपण्याची अट स्पष्ट लिहावी.

चौथा : दान किंवा विक्री. राष्ट्रीय उद्यानाच्या किंवा अभयारण्याच्या हद्दीस लागून जमीन असेल व ती कसणें परवडत नसेल, तर ती उद्यानासाठीं देतां येते. स्थावराचें दानपत्र नोंदणी केलेलें व दोन साक्षीदारांच्या सह्यांचें असल्यावांचून कायद्यांत टिकत नाहीं. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधीं पाहिजे, आणि आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतरणास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चें बंधन आहे. हें बंधन त्याच्या रक्षणासाठीं आहे. उद्यानाच्या नांवाखालीं तें कोणी ओलांडूं पाहील तर त्यास साफ नकार द्यावा.

संजय गांधी उद्यानाभोंवतीं ५ डिसेंबर २०१६ रोजीं सुमारें ५९ चौरस किलोमीटरांचा संवेदनशील पट्टा जाहीर झाला आहे. त्या पट्ट्यांत ज्यांची जमीन आहे त्यांच्यावर बांधकामाचीं बंधनें आलींच आहेत. अशा खातेदारांनीं नुसतें बंधन सोशीत बसण्यापेक्षां वरील मार्गांपैकीं एखादा स्वीकारून त्या बंधनाचा मोबदला किंवा निदान व्यवस्थापनांतील अधिकार मिळवावा, हें शहाणपणाचें.

कागदपत्रांची तजवीज

कोणताहि मार्ग धरण्यापूर्वीं, किंवा न धरतांहि, पुढील कामें प्रत्येकानें करावींच.

गांव नमुना ७/१२ चा ताजा उतारा काढून 'इतर हक्क' हा रकाना वाचावा. तेथें वनासंबंधीं शेरा असेल तर त्याखालीं फेरफार क्रमांक असतो. त्यावरून नमुना ६ मधील मूळ फेरफार नोंदीची नक्कल घ्यावी. तींत कोणता आदेश, कोणती तारीख व नोटीस कोणास बजावली, हें पाहावें. नोंद चुकीची वाटल्यास संहितेच्या कलम २४७ प्रमाणें उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील होतें. त्याची मुदत ६० दिवसांची आहे, व ती उलटून गेली असल्यास विलंबाचें कारण अर्जांत द्यावें लागतें. नोटीस बजावल्याचा पुरावा कचेरींत नसेल, तर २०१४ च्या निर्णयाचा आधार घेतां येईल. जुन्या नोटिसा, मग त्या कितीहि फाटक्या असोत, फेंकून देऊं नयेत.

नवीं झाडें लावणाऱ्यानें तीं लावल्याचा पुरावा त्याच वर्षीं करून ठेवावा. रोपवाटिकेची पावती, तारखेसह छायाचित्र आणि पीक पाहणींतील नोंद या तीन गोष्टी पुरेशा आहेत. १९९६ च्या आदेशानंतर आपोआप वाढलेलें वन व हातानें लावलेलीं झाडें यांतील भेद पुराव्यानेंच दाखवावा लागतो. आणि झाड तोडावयाचें असेल तेव्हां १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याची परवानगी घ्यावी. ठेकेदार "मी पाहून घेतों" म्हणाला तरी खटला मालकावरहि होतो.

एक रास्त आक्षेप

रान राखलें तर डुकरें येतील, असा आक्षेप घेतला जातो, व तो रास्त आहे. रानाशेजारील भात व भाजी यांचें नुकसान होतें, आणि उद्यानाच्या कडेच्या वस्तींत बिबट्याचा वावरहि आहे. वन्यप्राण्यांनीं केलेल्या पीकनुकसानीची भरपाई सरकार देतें. त्यासाठीं नुकसान होतांच विलंब न लावतां वनखात्यास कळवून पंचनामा करवून घ्यावा. पण भरपाईनें सर्व प्रश्न सुटत नाहीं. म्हणून रान व शेत यांमध्यें गवताचा किंवा जनावरें न खातीं अशा पिकाचा पट्टा ठेवणें, उन्हाळ्यापूर्वीं जाळरेषा काढणें, आणि रानाच्या तुकड्यांत उन्हाळी पाणी टिकवणें हीं कामें कराराच्या खर्चांत धरावीं. राखण्याचा खर्च एकट्या मालकावर पडूं नये. रानाचें पाणी खालच्या सर्व गांवास मिळतें, तसा त्याचा भारहि वांटून घेतला पाहिजे. विहार तलाव १८६० सालीं व तुळशी तलाव १८७९ सालीं बांधला गेला. त्यांचें पाणलोट क्षेत्र पाण्यासाठीं राखलें गेलें, आणि तेंच रान आज राष्ट्रीय उद्यानांत आहे. पाण्याची गरज ज्यास असते तो रान राखतो, हा नियम शहरासहि लागू आहे आणि गांवासहि.

तेव्हां या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक गांवांतील खातेदारांनीं एकत्र बसून डोंगराच्या अंगच्या गटांची एक यादी करावी : गट नंबर, क्षेत्र, मालकांचे हिस्से, भोगवटा वर्ग, इतर हक्कांतील शेरा, आणि तेथें आज असलेलीं झाडें. ऐन, किंजळ, साग, हिरडा, बेहडा असें नांववार लिहावें. त्यांतील कोणते गट राबासाठीं ठेवावयाचे व कोणते राखावयाचे हें गांवानेंच ठरवावें, आणि राखावयाच्या गटांपुरता कलम ३८ चा अर्ज किंवा कराराचा मसुदा तयार करावा. अर्ज मालकाकडून आधीं गेला म्हणजे अटी मांडण्याचा मानहि मालकाचा राहतो. वरून शेरा आल्यावर केवळ हरकत घेणें तेवढें हातीं उरतें.